भाड्याच्या घराची डागडुजी: खर्चाचा हिशोब भाड्याच्या दिवसांत मांडा

भाड्याने दिलेल्या घरावर किती खर्च होतो, हे बहुतेक मालक पावत्यांवरून ठरवतात. प्लंबरची पावती, रंगाऱ्याचं बिल, नवा गीझर. पण यातला सगळ्यात मोठा खर्च कुठल्याच पावतीवर येत नाही. घर महिनाभर रिकामं राहिलं तर वर्षाच्या भाड्यातले ८.३ टक्के गेले, आणि त्याचं बिल कुणी आणून देत नाही. म्हणून पहिलं काम असं करा: महिन्याच्या भाड्याला ३० ने भागा. येणारा आकडा म्हणजे तुमचं एका दिवसाचं भाडं. वर्षाला असे ३६० दिवस हातात आहेत असं धरा, आणि यापुढे प्रत्येक खर्च पैशांत न मोजता या दिवसांत मोजा.

असं मोजायला लागलं की बरेच निर्णय आपोआप सुटतात. गळका कॉक बदलायला दोन दिवसांचं भाडं लागणार असेल आणि तो न बदलल्याने भिंत फुगून दहा दिवसांच्या भाड्याचं रंगकाम निघणार असेल, तर घासाघीस करायला जागाच उरत नाही. भाडेवाढीचंही तसंच. पाच टक्के वाढ मागितली, भाडेकरू सोडून गेला आणि घर एक महिना रिकामं राहिलं, तर तो एक महिना भरून यायला वाढीव भाड्याचे २० महिने लागतात. मध्यस्थाचे पैसे आणि रंगकाम यात धरलेलंच नाही. वाढ मागूच नये असा याचा अर्थ नाही. मागण्याआधी हा आकडा समोर असावा, एवढंच.

राखीव निधी किती ठेवायचा

घराच्या किमतीच्या एक टक्का रक्कम दरवर्षी डागडुजीसाठी बाजूला काढावी, असा एक सर्रास सांगितला जाणारा नियम आहे. त्याच्या भरवशावर राहू नका. घराच्या किमतीत जमिनीची किंमत असते आणि जमीन झिजत नाही. मोक्याच्या जागेवरच्या छोट्या घराला हा नियम जास्त रक्कम सांगतो, आडबाजूच्या मोठ्या घराला कमी. झिजतात ते नळ, फरशा, रंग, तारा. तेव्हा हिशोब त्यांचाच करायचा.

एक वही घ्या. घरातली जी जी गोष्ट कधी ना कधी बदलावी लागणार आहे, ती लिहा. तिच्यासमोर आजच्या दराने बदलण्याचा खर्च, मजुरीसकट आणि दिवसांच्या भाड्यात. त्यापुढे तिचं आयुष्य. खर्चाला आयुष्याने भागलं की दरवर्षी किती बाजूला काढायचं ते कळतं. नमुन्यादाखल एक घर मांडू. आकडे तुमच्या घराप्रमाणे बदलतील, रीत तीच राहील. आतला रंग: ३० दिवस, आयुष्य ४ वर्षं, म्हणजे वर्षाला साडेसात दिवस. गीझर: १२ दिवस, ८ वर्षं, म्हणजे दीड. बाथरूम पूर्ण फोडून नवं करणं: १५० दिवस, १५ वर्षं, म्हणजे दहा. स्वयंपाकाचा ओटा आणि खालची कपाटं: १२० दिवस, १२ वर्षं, पुन्हा दहा. वायरिंग: १०० दिवस, २५ वर्षं, चार. नळ, कॉक, फ्लशचे भाग: १२ दिवस, ६ वर्षं, दोन. गच्ची आणि बाहेरच्या भिंतींचा तुमचा वाटा: ४० दिवस, ८ वर्षं, पाच. बेरीज चाळीस दिवस, म्हणजे भाड्याच्या साधारण ११ टक्के. ही रक्कम वेगळ्या खात्यात जायला हवी. घरखर्चाच्या खात्यात राहिली तर ती राहत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र पुढची आहे. वरचा हिशोब नव्या घराचा झाला. दहा वर्षं वापरलेलं घर विकत घेतलं असेल आणि बाथरूम तेव्हाचंच असेल, तर १५० दिवसांचं काम १५ वर्षांवर नाही, उरलेल्या ५ वर्षांवर पसरतं. वर्षाला दहा नाही, तीस दिवस. ओटा, वायरिंग, गच्ची अशा तीन-चार गोष्टी एकाच वेळी म्हाताऱ्या झालेल्या असतील, तर पहिली पाच वर्षं पाव हिश्श्याच्या आसपास भाडं राखीव निधीतच जाऊ शकतं. जुनं घर स्वस्त मिळालं असं वाटतं, तेव्हा ही मागची थकबाकी किमतीतून वजा केलेली नसते. विकत घेण्याआधी वहीतला 'उरलेलं आयुष्य' हा रकाना भरून पाहा.

खर्चाचा रकाना दर वर्षी नव्या दराने लिहा. पाच वर्षांपूर्वीच्या भावाने साठवलेला निधी काम निघाल्यावर अपुराच पडतो.

पाणी: निम्मी डागडुजी इथूनच सुरू होते

भिंतीवर ओल दिसली की रंगाऱ्याला बोलावण्याची घाई होते. आधी ती ओल कधी वाढते हे शोधा, कारण कारण कळेपर्यंत केलेला प्रत्येक खर्च वाया जातो. ओल बारा महिने तेरा काळ सारखीच असेल तर बहुधा भिंतीतली दाबाखालची पाइप गळते आहे. बाथरूम वापरल्यावर वाढत असेल तर निचऱ्याची पाइप, नहाणी ट्रॅपची (फरशीतल्या निचऱ्याच्या जाळीखालच्या भांड्याची) कड किंवा टाइल्समधले सांधे संशयित. पावसातच वाढत असेल तर बाहेरच्या गिलाव्यातली चीर, गच्ची किंवा खिडकीच्या चौकटीखालची फट. तळमजल्याच्या भिंतीला जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्टा आणि त्यावर पांढरा लोणा असेल, तर पाणी जमिनीतून वर चढतंय. आणि कपाटामागच्या थंड कोपऱ्यात नुसती काळी बुरशी असेल, तर कदाचित गळती नसेलच, खोलीतला दमटपणाच भिंतीवर साचत असेल.

शेवटची शंका फेडायला एक सोपी चाचणी आहे. दीड फूट चौरस प्लास्टिकचा जाड कागद ओलीच्या जागी चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि २४ तास ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येते. बाहेरच्या बाजूला जमलं तर हवेतली वाफ आहे. मग फोडाफोड नको, खिडकी उघडी ठेवणं, बाहेर हवा फेकणारा पंखा लावणं आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं पुरतं.

दाबाखालच्या पाइपसाठी पाण्याच्या मीटरची मदत घ्या. घरातले सगळे नळ बंद करा, आकडा टिपा, दोन तास पाण्याला हात लावू नका, पुन्हा आकडा पाहा. मीटर पुढे सरकलं तर कुठेतरी गळती आहे. आता फ्लशच्या टाकीचा अँगल कॉक (टाकीत जाणारं पाणी बंद करणारा छोटा कॉक) बंद करून तीच चाचणी पुन्हा करा. मीटर थांबलं तर दोष फ्लशमध्ये. मीटर नसेल तर घराच्या पाण्याच्या टाकीत येणारं पाणी बंद करून आतल्या पातळीवर खूण करता येते. फ्लशची गळती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचं रबरी सील गेलं आहे. सील बदलणं दहा मिनिटांचं काम, पण वर्षभर तसंच सोडलं तर पाण्याचं बिल आणि पंपाची वीज दोन्ही खातं. ठिबकणाऱ्या नळाचा हिशोबही असाच मांडता येतो: खाली पेला ठेवा, दहा मिनिटांत जमलेलं पाणी मोजा आणि १४४ ने गुणा. ५० मिलिलिटर जमलं तर दिवसाला ७.२ लिटर.

बाथरूमची परीक्षा पाणी साठवून घ्यायची. ट्रॅपचं तोंड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या कापडाच्या बोळ्याने गच्च बंद करा. उंबरठा पुरेसा उंच आहे ना हे पाहून फरशीवर इंचभर पाणी भरा आणि कडेला पेन्सिलीने रेघ मारा. २४ तासांनी रेघ पाहा, आणि शक्य असेल तर खालच्या घराचं छतही. पातळी स्पष्ट खाली गेली तर फरशी किंवा फरशी-भिंतीचा सांधा गळतोय. पातळी जागच्या जागी असेल पण शॉवर वापरल्यावर खाली ओल येत असेल, तर दोष भिंतीच्या टाइल्समागे किंवा ट्रॅपमध्ये. ट्रॅपची वेगळी परीक्षा म्हणजे भिंती आणि फरशी कोरडी ठेवून तीन-चार बादल्या थेट ट्रॅपमध्ये ओतणं. हा क्रम पाळला तर तीन-चार दिवस जातात, पण मिस्त्री अंदाजाने सगळं बाथरूम फोडायला निघतो त्याऐवजी नेमकी एक फूट जागा फोडली जाते.

दुरुस्तीतल्या चुका ठरलेल्या आहेत. जुन्या ग्राउटवर (टाइल्समधल्या सांध्यांत भरलेल्या मसाल्यावर) नवं ग्राउट सारवलं की ते काही महिन्यांत खपल्या होऊन निघतं. सांधा निदान ३ मिलिमीटर खोल खरवडा, ब्रशने धूळ काढा, कोरडा होऊ द्या, मगच भरा. ओल्या जागेत एपॉक्सी ग्राउट महाग पडतं, पण ते पाणी पीत नाही आणि आम्लाला दाद देत नाही. फरशी आणि भिंत जिथे भेटतात त्या कोपऱ्यात सिमेंटचं ग्राउट चालत नाही. तिथे दोन्ही बाजू किंचित हलतात आणि सांधा चिरतो. तिथे बुरशीरोधक सिलिकॉन हवं, जुनं सगळं काढून, जागा पूर्ण कोरडी करून. भरल्यावर २४ तास पाणी लागू देऊ नका. भाडेकरूला घाई असते, मिस्त्रीलाही असते, आणि नेमकं इथेच काम बिघडतं.

बाथरूम नव्याने करत असाल तर टाइल्सच्या रंगापेक्षा खालच्या थराकडे लक्ष द्या. जलरोधक लेप फरशीवरून भिंतीवर निदान सहा इंच वर चढवायचा, शॉवरच्या बाजूला सहा फुटांपर्यंत. दोन हात द्यायचे, पहिला आडवा आणि दुसरा उभा, म्हणजे पहिल्यातल्या सुटलेल्या रेषा दुसऱ्यात झाकल्या जातात. लेप सुकल्यावर, टाइल्स बसवण्याआधी, वरची पाणी साठवण्याची चाचणी करायची. टाइल्स बसल्यावर चूक सापडली तर सगळं मुळापासून. ट्रॅपकडे ढाळ ८० ला १ च्या आसपास, म्हणजे पाच फुटांत पाऊण इंच. ढाळ कमी असेल तर पाणी साचतं आणि साचलेलं पाणी सांधे शोधतं.

आणि टाइल्स पांढऱ्या करायला आम्ल ओतणं बंद करा. भाडेकरू बदलताना साफसफाईवाले हमखास आम्ल आणतात. तासाभरात टाइल्स चकाकतात, पण आम्ल सांध्यातलं सिमेंट विरघळवतं आणि नळांवरचा क्रोमचा मुलामाही खातं. दर भाडेबदलाला असं केलं तर पंधरा वर्षं टिकणारं बाथरूम त्याच्या किती तरी आधी गळायला लागतं. डिटर्जंट, कडक ब्रश आणि क्षारांसाठी व्हिनेगरचा ओला कपडा नळावर अर्धा तास. ग्राउटवर व्हिनेगरही रेंगाळू देऊ नका.

स्वस्त माल कुठे महाग पडतो

वस्तूच्या किमतीत बसवण्याची मजुरी मिळवा आणि मग आयुष्याने भागा. साध्या नळाची किंमत १ धरा, टिकतो २ वर्षं. चांगल्याची अडीच, टिकतो १० वर्षं. बसवण्याची मजुरी दोन्हींना १. साधा नळ वर्षाला १ पडतो, चांगला ०.३५. फरक मजुरीने वाढतो, कारण ती मालाच्या दर्जाप्रमाणे बदलत नाही. त्यात प्रत्येक वेळी भाडेकरूची वेळ गाठणं, चावी देणं, मिस्त्रीची वाट पाहणं आलंच. भिंतीत गाडल्या जाणाऱ्या कुठल्याही वस्तूसाठी (पाइप, सांधे, मिक्सरचा आतला भाग) मिळेल तो उत्तम माल घ्या. बदलताना भिंत फोडावी लागते, आणि भिंतीच्या खर्चापुढे मालाची किंमत काहीच नसते. उलट पडदे अडकवायच्या दांड्या, शॉवरचा फवारा, संडासाचं झाकण या गोष्टी भाडेकरूच्या हाताने मोडतातच. तिथे मध्यम माल पुरे.

दोन-तीन घरं असतील तर सगळीकडे एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे नळ आणि कुलपं ठेवा. एका डब्यात चार स्पिंडल, वायसरांचा संच, दोन कनेक्शन पाइप, फ्लशचं एक सील, दोन अँगल कॉक, टेफ्लॉनची टेप आणि कुलपाचं एक जादा सिलिंडर. मिस्त्री येतो, पाहतो, माल आणायला जातो आणि दुसऱ्या दिवशी परततो, हा दोन फेऱ्यांचा खेळ या डब्याने संपतो. बाथरूमच्या दाराचं खालचं टोक पाण्याने कुजतं. लाकडी दार असेल तर तळाच्या कडेलाही रंग लावा, कारण ती कड रंगारी नेहमी सोडतात. पाणी तिथूनच वर शोषलं जातं.

रंग

रंग लागणार किती, हे रंगाऱ्याला न विचारता काढता येतं. १० बाय १२ फुटांची खोली, उंची ९ फूट. भिंतींचा घेर ४४ फूट, गुणिले ९ म्हणजे ३९६ चौरस फूट. दाराचे २१ आणि खिडकीचे १६ वजा केले की ३५९. दोन हातांचे ७१८. गुळगुळीत, प्रायमर दिलेल्या भिंतीवर एक लिटर इमल्शन एका हाताला १०० ते १२० चौरस फूट जातं, म्हणजे सात लिटरच्या आसपास. छताचे १२० चौरस फूट, दोन हात, अडीच लिटर. बिलात याच्या दीडपट रंग दिसला तर भिंत फार शोषणारी होती का, की प्रायमर गाळला होता, हे विचारा.

सगळ्या घरांत एकच फिकट रंग ठेवा आणि त्याचा कोड वहीत लिहा. चमक नसलेला रंग असेल तर खिळ्याचं भोक बुजवून हातभर जागा पुन्हा रंगवली तरी ठिगळ फारसं उठून दिसत नाही. चमकदार रंगावर ते उठून दिसतं आणि अख्खी भिंत रंगवावी लागते. मात्र स्वयंपाकाच्या ओट्याची भिंत आणि मुलांचे हात पोचतात तो पट्टा धुता येईल अशा रंगाचा हवा. या दोन जागांमुळेच चार वर्षांचा रंग दोन वर्षांत जुनाट दिसतो.

ओल्या भिंतीवर दिलेला रंग फुगतो, कारण आतलं पाणी बाहेर पडताना क्षार घेऊन येतं आणि ते रंगाच्या थरामागे साचून पोपडे उचलतात. गळती बंद झाल्यावरही भिंत सुकायला कित्येक आठवडे लागतात. फुगलेला भाग विटेपर्यंत खरवडून उघडा ठेवा, लोणा कोरड्या ब्रशने झाडा (धुऊ नका, धुतला की क्षार परत आत जातात), आणि प्लास्टिकच्या कागदाची चाचणी कोरडी निघाल्यावरच गिलावा आणि पुट्टी. आतून जलरोधक रंग मारून ओल थांबत नाही, ती फक्त शेजारच्या भिंतीतून वाट काढते.

गीझर आणि वीज

टाकीच्या गीझरमध्ये मॅग्नेशियमचा एक दांडा असतो. पाण्यातला गंज टाकीऐवजी त्याला आधी खातो. दांडा संपला की टाकी गंजायला लागते, आणि टाकी एकदा फुटली की ती दुरुस्त होत नाही. दर एक-दोन वर्षांनी दांडा काढून पाहा. निम्म्याहून जास्त झिजला असेल किंवा आतली तार उघडी पडली असेल तर बदला. क्षारांचं पाणी असेल तर दर वर्षी पाहा. थर्मोस्टॅट ६० अंशांच्या वर नको, जास्त तापवलं की क्षार जास्त बसतात. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडं ठिबकणं स्वाभाविक आहे, कारण तापलेलं पाणी फुगतं. भाडेकरू त्याला गळती समजून बूच मारतात. हे घर देतानाच समजावून सांगा आणि ते पाणी ट्रॅपपर्यंत नेणारी बारीक नळी लावून द्या. बूच मारलेला व्हॉल्व्ह म्हणजे टाकी फुटण्याचा धोका.

विजेच्या पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर दुसरा कुठलाही सुशोभनाचा खर्च करण्याआधी तो बसवा. त्याचं चाचणीचं बटण दर तीन महिन्यांनी दाबायला भाडेकरूला सांगा; दाबल्यावर वीज गेली पाहिजे. गरम होणारा किंवा जळका वास येणारा सॉकेट बहुतेक वेळा सैल स्क्रूमुळे तापलेला असतो. नुसता सॉकेट बदलू नका, तार काळी पडली असेल तिथपर्यंत कापून चकचकीत तांबं लागल्यावर जोडा. एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) वारंवार पडतो म्हणून मोठा एमसीबी बसवणारा इलेक्ट्रिशियन पुन्हा बोलावू नका. एमसीबी तारेला वाचवायला असतो. तो मोठा केला की जास्तीचा भार भिंतीतल्या तारेवर येतो.

भाडेकरू बदलतानाचे दिवस

इथे पैसा सगळ्यात वेगाने जातो आणि वाचवताही इथेच येतो. घर सोडण्याची सूचना मिळाली की भाडेकरू असतानाच, महिनाभर आधी, घर पाहून घ्या. खोलीनिहाय यादी करा, माल मागवा, मिस्त्री आणि रंगारी यांच्या तारखा ठरवा. घर रिकामं झाल्यावर यादी करायला घेतली तर पहिला आठवडा नुसत्या फोनाफोनीत जातो. नव्या भाडेकरूंना घर दाखवणंही याच काळात, सध्याच्या भाडेकरूला वेळ विचारून.

कामाचा क्रम असा: आधी पाणी आणि वीज, कारण त्यात भिंत फुटते. मग सुतारकाम, बिजागऱ्या, कडी-कोयंडे. मग पुट्टी, घासणं, रंग. त्यानंतर साफसफाई, आणि झुरळांसाठी जेल सगळ्यात शेवटी, नाहीतर साफसफाईत ते पुसलं जातं. जाताना कुलपाचं सिलिंडर बदला. आखणी आधी झाली असेल तर छोटं घर सात-आठ दिवसांत तयार होतं.

अनामत रकमेतून कापायचं असेल तर ते आयुष्याच्या हिशोबाने. रंगाचं आयुष्य ४ वर्षं धरलं आणि भाडेकरू ३ वर्षं राहिला, तर त्याने भिंती कितीही खराब केल्या तरी उरलेलं मोल एक चतुर्थांशच आहे. पूर्ण रंगकामाचे पैसे त्याच्याकडून घेणं अन्यायाचं आहे. फुटलेलं बेसिन, जळलेला ओटा, तोडलेलं दार यांचं नुकसान वेगळं आणि तेही वस्तूच्या उरलेल्या आयुष्याइतकंच. हा हिशोब करारातच लिहिलेला असावा. सोबत घर देतानाचे तारखेसकट फोटो: प्रत्येक भिंत, छताचे कोपरे, सिंकखालची जागा, कपाटांच्या आतल्या बाजू आणि सगळ्या मीटरांचे आकडे. दोघांची सही असलेली ही यादी दोघांनाही सांभाळते.

बदलाचा एकूण खर्च, म्हणजे रिकामे दिवस, मध्यस्थ, रंग आणि सफाई मिळून, दोन महिन्यांचं भाडं धरा. भाडेकरू दर दोन वर्षांनी बदलत असेल तर हा खर्च वर्षाला एक महिना, म्हणजे ८.३ टक्के. तोच चार वर्षं राहिला तर निम्मा. वेळेवर भाडं देणाऱ्या आणि घर नीट ठेवणाऱ्या माणसाला बाजारभावापेक्षा तीन-चार टक्के कमी भाड्यात ठेवलं तरी तुम्ही तोट्यात नाही.

शिवाय घरात काय बिघडतंय हे पहिल्यांदा भाडेकरूलाच दिसतं. मागची तक्रार महिनाभर पडून राहिली असेल तर पुढची ओल तो सांगणार नाही, आणि तुम्हाला ती दोन वर्षांनी, घर सोडताना दिसेल. म्हणून पाण्याची गळती, विजेचा झटका, गॅसचा वास आणि न लागणारं कुलूप यांना त्याच दिवशी माणूस पाठवा. गीझर किंवा तुंबलेल्या मोरीला दोन-तीन दिवस. कुरकुरणारं दार, सैल हँडल यांची यादी ठेवा आणि मिस्त्री पुढच्या वेळी येईल तेव्हा एकाच फेरीत उरका. त्याच्या फेरीचे पैसे एकदाच लागतात.

नूतनीकरण करावं का

समजा, नव्या ओट्याला आणि कपाटांना ६ महिन्यांचं भाडं लागणार आहे आणि त्यामुळे भाडं ८ टक्क्यांनी वाढेल. वर्षाला ०.९६ महिन्याचं भाडं जास्त मिळालं. कामासाठी घर महिनाभर बंद राहणार, म्हणून खर्च ७ महिने धरा. परत यायला सव्वासात वर्षांहून जास्त. कपाटं बारा वर्षं टिकणार असतील तर जमतं, आठच टिकणार असतील तर जेमतेम खर्च भरून निघतो. आहे तो ओटा कुजलेला असेल तर गणित वेगळं, कारण तो खर्च राखीव निधीतून होणारच होता. चालू अवस्थेतली गोष्ट केवळ जुनी दिसते म्हणून फोडू नका. उजेड, नीट वाहणारं पाणी, बंद होणाऱ्या खिडक्या आणि वास नसलेलं बाथरूम यावर घर लवकर भाड्याने जातं.

ठेकेदाराकडून भाव घेताना 'बाथरूमचं काम' असा ठोक आकडा स्वीकारू नका. चौरस फुटांचं माप, मालाची कंपनी आणि प्रकार, लेपाचे किती हात, राबिट कोण उचलणार, हे सगळं लिहून घ्या, तरच दोन भाव एकमेकांशेजारी ठेवता येतात. पैसे टप्प्याने द्या: सुरुवातीला ३० टक्के, जलरोधक थराची चाचणी पास झाल्यावर ४०, आणि उरलेले ३० काम संपून आठवडाभर पाणी वापरून पाहिल्यावर.

घर रिकामं असेल तेव्हा

दोन-तीन आठवड्यांहून जास्त काळ घर बंद राहणार असेल तर पाण्याचा मेन कॉक बंद करा, गीझर बंद करा, फ्रिज असेल तर रिकामा करून दार उघडं ठेवा. नहाणी ट्रॅपमधलं साधारण दोन इंच पाणी गटाराचा वास अडवतं. ते सुकलं की वास आणि झुरळं दोन्ही घरात येतात, आणि घर पाहायला आलेला माणूस दारातूनच परततो. दर ट्रॅपमध्ये अर्धी बादली पाणी आणि वर दोन चमचे तेल ओता. तेलाच्या थराने पाणी लवकर उडत नाही. पंधरा दिवसांतून एकदा कुणीतरी जाऊन मेन कॉक उघडावा, सगळे नळ दोन मिनिटं सोडावेत, संडास फ्लश करावा, खिडक्या तासभर उघड्या ठेवाव्यात आणि परतताना मीटरचा आकडा वहीत लिहावा. मेन कॉक नेमका कुठे आहे आणि तो कुठल्या बाजूला फिरवायचा, हे त्याच वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.